इंग्रज आरमारप्रमुखाची कन्या : मीराबेन

चांद्याच्या रानांतील खेड्यांना इंग्रजी अमलाचें दर्शन घडे तें बहुधा हिंवाळ्यांत. पावसाळा सरला, नाल्यांचें पाणी उतरलें, म्हणजे साहेबाचा दौरा निघे. बैलगाड्या आधीं पुढें जात. त्यांवर राहुट्या, खाटा, भांडींकुंडीं आणि कंदील लादलेले असत. मागून खानसामा, शिपाई आणि घोडे येत, आणि सर्वांच्या शेवटीं साहेब व त्याची मडम. एखाद्या आमराईंत एका दिवसांत कापडाचें गांव उभें राही. पाटलानें लांकूडफांटा आणि दूध पुरवावयाचें, गांवकऱ्यांनीं रान हांकावयाचें, आणि काम व शिकार संपली कीं तें कापडाचें गांव उठून पुढल्या मुक्कामास जावयाचें. वैनगंगेपासून प्राणहितेपर्यंतच्या ह्या मुलखाचे १९८२ सालीं चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले; परंतु इंग्रजी अमलांत तो सारा एकच चांदा जिल्हा होता, आणि तेथील गोंड-माडिया बायकांनीं इंग्रज बाई पाहावयाची ती अशीच, दुरून, घोड्यावर बसून जातांना.

चांद्याहून उत्तरेस जाणारी गाडी भांदक, वरोरा, हिंगणघाट हीं स्टेशनें मागें टाकीत वर्ध्याकडे जाते. काझीपेठ आणि बल्लारशा ह्यांमधील लोहमार्ग १९२९ सालीं जोडला गेला, तेव्हांपासून मद्रासकडून येणारा उतारू चांद्याच्या रानांतूनच वर्ध्यास येऊं लागला. १९३६ सालीं असा कोणी उतारू वर्ध्यापासून पांच मैलांवरील शेगांव ह्या खेड्यांत गेला असता, तर त्याला तेथें एक अगदीं निराळी इंग्रज स्त्री दिसली असती. उंच बांधा, कापून टाकलेले केस, अंगावर जाडीभरडी खादी आणि हातांत झाडू. राहुटींतील मडम आणि ही झाडू घेतलेली बाई एकाच समाजांत वाढलेल्या होत्या. एकीनें त्या समाजाचा थाट रानापर्यंत बरोबर आणला होता. दुसरीनें तो समुद्रापलीकडेच ठेवून दिला होता. ह्या दुसरीचें जन्मनांव मॅडेलिन स्लेड. हिंदुस्थान तिला ओळखतो तो मीराबेन ह्या नांवानें.

मॅडेलिनचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. तिचे वडील एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारांतील अधिकारी. पुढें ते सर एडमंड झाले, ॲडमिरलच्या हुद्द्यास चढले आणि आरमार सोडल्यावर अँग्लो-पर्शियन तेल कंपनीच्या कारभारांतहि त्यांना मोठें स्थान मिळालें. घराण्याला लॉर्डपदाचा किताब नव्हता, तरी ज्या वर्गाच्या हातीं इंग्लंडचें आरमार, दरबार आणि साम्राज्य होतें त्याच वर्गांतलें तें घर. वडील नेहमीं समुद्रावर असत. म्हणून मॅडेलिनचें बालपण बहुतेक आजोळीं, डॉर्किंग गांवाजवळच्या मिल्टन हीथ ह्या वाड्यांत गेलें. भोंवतीं बाग, शेतें, गाई आणि घोडे. मेजवानीपेक्षां तबेल्यांत तिचा जीव अधिक रमे. कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्याच्या मागें घोडा फेंकण्याचा इंग्रज सरदारांचा खेळहि ती खेळली.

ह्या वर्गांतील मुलीच्या आयुष्याचा मार्ग आंखून ठेवलेला असे. ती सतराअठरा वर्षांची झाली कीं तिला राजवाड्यांत नेऊन राजाराणीपुढें उभी करावयाची. त्या प्रसंगाचा पोषाखसुद्धां ठरलेला : पांढरा झगा, मागें लोळणारा लांब पदर, केसांत शहामृगाचीं तीन पिसें. तेथें तिनें गुडघा वांकवून मुजरा करावयाचा, आणि त्यानंतर तिचा लंडनच्या ‘हंगामा’त प्रवेश व्हावयाचा. हा हंगाम वसंतांत सुरू होऊन भर उन्हाळ्यापर्यंत चाले. नाच, भोजनें, घोड्यांच्या शर्यती, नौकांच्या शर्यती, चित्रप्रदर्शनें ह्यांत आठवडे सरत. आणि अनुरूप वर मिळाला म्हणजे हंगामाचें सार्थक झालें असें आईबाप मानीत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ह्या वर्गाचे कितीएक तरुण मुलगे मातींत गेले. युद्ध संपल्यावर मागें राहिलेल्यांनीं जणूं दुःख विसरण्यासाठींच रात्रंदिवस नाचगाण्याचा सपाटा लावला. सोंगें घेऊन भरविलेले नाच, मध्यरात्रीचे मोटारींचे पाठलाग, उंची मद्यें आणि सकाळीं त्या सर्वांचीं वर्णनें छापणारीं वर्तमानपत्रें, अशी ती लंडनची दोन महायुद्धांमधली हवा होती. त्या झगमगाटांत अनेक तरुण जीवांना आंतून मोठी पोकळी भासत होती, आणि ती कशानें भरावी हें त्यांना कोणी सांगत नव्हतें.

मॅडेलिनला ही पोकळी फार लवकर जाणवली, आणि ती जाणवण्यास मुंबईहि थोडी कारण झाली. १९०९ सालीं तिच्या वडिलांची हिंदी महासागरांतील ब्रिटिश आरमाराचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली, आणि त्यांच्यामागें कुटुंबहि मुंबईस आलें. पंधरासोळा वर्षांच्या ह्या मुलीनें तेव्हां हिंदुस्थान पाहिला तो मेजवान्या, नाच आणि सलाम ह्यांच्या पडद्याआडून. ज्या देशाची ती पुढें लेक व्हावयाची होती, त्या देशांत राहूनहि त्या वेळीं तिला तो दिसला नाहीं. तिचें मन तेव्हां निराळ्याच ठिकाणीं जडलें होतें. मुंबईस येण्यापूर्वींच तिच्या कानीं बीथोव्हेन ह्या जर्मन संगीतकाराच्या रचना पडल्या होत्या, आणि ऐकणाऱ्याला आपलें सर्वस्व त्यांत आहे असें वाटावें, तसें तिला झालें होतें.

युद्धानंतर इंग्लंडांत जर्मन नांवाचा इतका तिटकारा माजला होता कीं जर्मन संगीतहि लोकांना नकोसें झालें. अशा वेळीं फ्रेडरिक लॅमंड ह्या पियानोवादकाच्या बैठकी लंडनमध्यें भरविण्याची खटपट मॅडेलिननें केली. लॅमंड बीथोव्हेनच्या रचना वाजविण्यांत निष्णात होता. ती बॉनला गेली, व्हिएन्नाला गेली. ज्या वाटांनीं बीथोव्हेन फिरला त्या वाटांनीं फिरली. शेवटीं त्याच धाग्यानें ती रोमां रोलां ह्या फ्रेंच साहित्यिकाकडे पोंचली. रोलां ह्यांनीं बीथोव्हेनवर लिहिलें होतें, आणि ‘ज्यां क्रिस्तोफ’ ह्या आपल्या मोठ्या कादंबरीचा नायकहि त्याच छायेंत रंगविला होता. ती मुळांतून वाचतां यावी म्हणून मॅडेलिन फ्रेंच शिकली. १९२३ सालीं ती स्वित्झर्लंडमध्यें, जिनीव्हा सरोवराच्या कांठीं व्हिलनव्ह येथें, रोलां ह्यांना भेटावयास गेली. बोलतां बोलतां त्यांनीं आपण महात्मा गांधींवर एक लहानसें पुस्तक लिहिलें असल्याचें सांगितलें. तिनें विचारलें, हे कोण? रोलां ह्यांनीं उत्तरांत त्यांची तुलना ख्रिस्ताशीं केली.

तें पुस्तक तिनें पॅरिसमध्यें हातीं घेतलें आणि एका दिवसांत वाचून संपविलें. पुस्तक मिटतांना तिचा निश्चय झालेला होता. पहिल्या उमाळ्याच्या भरांत तिनें हिंदुस्थानच्या आगबोटींत जागाहि राखून ठेविली. परंतु हा नुसता उमाळा असता तर ती कथा येथेंच संपली असती. लौकरच तिला उमजलें कीं अशा माणसाकडे जावयाचें तर अंगीं कांहीं पात्रता आणून गेलें पाहिजे. तिनें तें जाणें एक वर्ष पुढें ढकललें, आणि त्या वर्षांत स्वतःस घडविण्याचा एक अभ्यासक्रमच आंखला. मांस आणि मद्य सोडलें. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा सराव केला. सूत काढणें आणि विणणें शिकली. उर्दूचे धडे घेतले. गीता फ्रेंच भाषांतरांतून वाचली. स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्यांबरोबर शेतांत राबून पाहिलें. १९२४ च्या सप्टेंबरांत हिंदु-मुसलमानांच्या ऐक्यासाठीं गांधीजींनीं दिल्लीस एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला, तेव्हां तिनें तो पार पडेपर्यंत धीर धरला, आणि मग त्यांना पत्र लिहून वीस पौंड पाठविले. पुढें आश्रमांत येण्याची परवानगी तिनें मागितली, तेव्हां महात्माजींनीं ‘ये’ म्हणून लिहिलें, पण त्याबरोबर सावधहि केलें. आश्रमाचें जीवन सुखाचें नाहीं, तेथें प्रत्येकानें अंगमेहनत करावयाची असते, आणि ह्या देशाची हवाहि परक्याला मानवण्यासारखी नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता.

आईवडिलांनीं तिला अडविलें नाहीं. ज्या साम्राज्याचें आरमार वडिलांनीं सांभाळलें, त्याच साम्राज्याशीं झगडणाऱ्या माणसाच्या घरीं मुलगी निघाली होती, आणि तरीहि त्यांनीं तिच्या वाटेंत हात आडवा धरला नाहीं, हें त्या घराच्या मोठेपणाचें लक्षण. १९२८ च्या जानेवारींत सर एडमंड वारले, तेव्हां त्यांची लेक हिंदुस्थानांत होती. बापलेकींची पुन्हां भेट झाली नाहीं. मनानें घेतलेल्या निर्णयाची किंमत मनालाच मोजावी लागते, आणि ती कधींकधीं फार मोठी असते.

६ नोव्हेंबर १९२५ रोजीं मॅडेलिन मुंबईच्या बंदरांत उतरली. दुसऱ्या दिवशीं ती अहमदाबादेस पोंचली. स्टेशनावर तिला घेण्यासाठीं वल्लभभाई पटेल आणि महादेव देसाई आले होते. साबरमतीच्या आश्रमांत एका साध्या खोलींत महात्माजी बसले होते. तिनें त्यांच्यापुढें गुडघे टेंकले. त्यांनीं तिला हात देऊन उठविलें आणि आपली कन्या म्हणून पत्करलें. मेवाडच्या राजघराण्याचा थाट झुगारून देणाऱ्या संत मीराबाईंचें नांव त्यांनीं तिला दिलें, त्यांत नुसता लडिवाळपणा नव्हता. त्यांत त्या मुलीच्या आयुष्याचा अर्थ आधींच वाचलेला होता. ह्या क्षणापासून मॅडेलिन मागें राहिली आणि मीराबेन उभ्या राहिल्या.

आश्रमांत त्यांच्या वाट्याला प्रथम आलें तें शौचकूप सफाईचें काम. त्याखेरीज कापूस पिंजणें, पेळू वळणें, सूत काढणें आणि हिंदीचे धडे. चाकरांच्या हातून पाण्याचा पेला घेण्याची संवय असलेल्या हातांना हें सर्व शिकावें लागलें, आणि तें त्या आनंदानें शिकल्या. त्यांनीं केस कापून टाकले, ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. परंतु खरें कठीण काम तें नव्हे. शरीराचे लाड सोडणें मीराबेनांना फारसें जड गेलें नाहीं. जड गेलें तें गांधीजींचा सहवास सोडणें. त्या एका माणसासाठीं आल्या होत्या, आणि तो माणूस त्यांना वारंवार दूर पाठवीत होता. हिंदी शिकावयास कधीं दिल्लीच्या कन्या गुरुकुलांत, कधीं हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलांत. पुढें खादीच्या कामासाठीं बिहारच्या खेड्यांत. १९२७ सालीं गांधीजी आजारी पडले, तेव्हां मीराबेनांचा जीव राहिना आणि त्या त्यांच्याकडे धांवत गेल्या. महात्माजींनीं त्यांना परत आपल्या कामावर जावयास लाविलें. माझ्या देहाला चिकटून राहूं नकोस, ज्या विचारासाठीं आलीस तो धरून ठेव, अशा अर्थाचें त्यांनीं त्यांना पुनःपुन्हां लिहिलें. अशीं शेंकडों पत्रें आहेत, आणि त्यांतील निवडक १९४९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत. त्यांत लाडहि आहे, रागावणेंहि आहे. पण सर्वांत अधिक आहे तो एकच आग्रह : स्वतःच्या पायांवर उभी राहा.

ह्या आग्रहाचें मोल कळण्यासाठीं त्याच काळांतील दुसऱ्या एका इंग्रज सरदारकन्येकडे पाहावें. लॉर्ड रेडिस्डेल ह्यांची मुलगी युनिटी मिटफर्ड ही १९१४ सालीं जन्मली. लंडनच्या हंगामांत ती १९३२ सालीं आली. तिलाहि तो झगमगाट पुरेसा वाटला नाहीं. तिलाहि सर्वस्व वाहून टाकण्यास कोणीतरी हवें होतें. १९३४ सालीं ती म्युनिक शहरीं जाऊन राहिली, आणि ज्या खानावळींत हिटलर जेवावयास येई तेथें रोज जाऊन त्याची वाट पाहूं लागली. १९३५ च्या फेब्रुवारींत त्यानें तिला आपल्या मेजाशीं बोलाविलें. त्यानंतर ती त्याच्या परिवारांतलीच एक झाली आणि ज्यूंचा द्वेष उघड सभांतून बोलूं लागली. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं इंग्लंडनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें, त्याच दिवशीं तिनें म्युनिकच्या एका बागेंत स्वतःच्या डोक्यांत गोळी झाडून घेतली. ती तत्काळ मेली नाहीं. पंगु अवस्थेंत तिला इंग्लंडास परत आणण्यांत आलें, आणि १९४८ च्या मे महिन्यांत ती वारली.

दोघी एकाच वर्गांतून आल्या, दोघींनाहि तीच पोकळी बोंचली, आणि दोघींनींहि एका माणसाच्या पायांशीं आपलें आयुष्य नेऊन ठेविलें. भक्ति दोघींचीहि खरी होती. तेव्हां भक्तीचा खरेपणा हा कांहीं तिच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हे. फरक पडला तो देवतेमुळें. एका देवतेनें आपल्या भक्तिणीला जवळ बसवून घेतलें आणि द्वेष शिकविला. दुसऱ्यानें आपल्या लेकीच्या हातीं झाडू दिला आणि तिला आपल्यापासून दूर धाडलें. ज्याच्यापाशीं गेलें असतां माणूस अधिकाधिक परतंत्र होतो तो गुरु नव्हे, हें ह्या दोन आयुष्यांनीं जितकें स्पष्ट दाखविलें आहे तितकें एखाद्या ग्रंथानेंहि क्वचितच दाखविलें असेल.

१९३१ सालीं गांधीजी गोलमेज परिषदेस लंडनला गेले, तेव्हां त्यांच्याबरोबर मीराबेनहि होत्या. सहा वर्षांपूर्वीं सोडलेल्या शहरांत त्या परतल्या, पण आपल्या जुन्या वस्तींत नव्हे. मजूर लोकांची वस्ती असलेल्या लंडनच्या पूर्व भागांत किंग्जले हॉल म्हणून सेवागृह आहे, तेथें गांधीजींचा मुक्काम होता. तेथें त्यांचें जेवणखाण आणि दिनक्रम मीराबेन सांभाळीत. परततांना डिसेंबरमध्यें गांधीजी व्हिलनव्ह येथें रोमां रोलां ह्यांच्या घरीं पांच दिवस राहिले. निरोपाच्या वेळीं त्यांनीं रोलां ह्यांना बीथोव्हेनची रचना वाजविण्याची विनंती केली. पाश्चात्त्य संगीताचा महात्माजींना शौक नव्हता. परंतु आपली लेक ज्या वाटेनें आपल्यापर्यंत आली ती वाट त्यांना एकदां ऐकावयाची होती. रोलां पियानोशीं बसले आणि त्यांनीं पांचव्या सिंफनींतील मंद लयीचा भाग वाजविला.

हिंदुस्थानांत परतल्यावर पुन्हां लढा पेटला. येथील दडपशाहीच्या बातम्या मीराबेन परदेशीं धाडीत, म्हणून १९३२ सालीं त्यांनाहि तुरुंगांत जावें लागलें. १९३४ सालीं त्या इंग्लंड आणि अमेरिका येथें हिंदुस्थानची बाजू मांडून आल्या. त्याच सुमारास गांधीजींनीं आपलें ठाणें वर्ध्यास हलविलें, आणि विदर्भाच्या काळ्या मातीशीं मीराबेनांचें नातें जडलें. वर्ध्यालगत सिंदी नांवाचें खेडें आहे. तेथील लोक रस्त्याच्या कडेलाच शौचास बसत. गांधीजींच्या सांगण्यावरून मीराबेन रोज सकाळीं झाडू आणि बादली घेऊन तेथें जात आणि मैला उचलीत. उपदेशाचा शब्द नाहीं, कोणावर राग नाहीं. संवयी अशा कामानें एका महिन्यांत बदलत नाहींत, हेंहि त्यांना तेथें उमगलें.

मग शेगांव. ह्या गांवाची बरीचशी जमीन जमनालाल बजाज ह्यांच्या मालकीची होती. मीराबेन तेथें आधीं जाऊन राहिल्या, आणि ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्याहून पायीं चालत तेथें आले. आसपास मिळेल तीच सामग्री वापरावयाची असा त्यांचा दंडक होता. माती, बांबू, बोरीबाभळीचें लांकूड आणि वर कवेलू, ह्यांपलीकडे त्या झोंपड्यांत कांहीं नव्हतें. आज यात्रेकरू जिला बापूकुटी म्हणतात ती झोंपडी मूळची मीराबेनांची. तिच्या मातीच्या भिंतींवर ताडाचीं झाडें, चरखा आणि ओम् उठावानें काढलेले आहेत. ते त्यांच्याच हातचे. वाड्यांत वाढलेल्या त्या हातांना मातीचें मर्म इतकें कळलें होतें. गांवची हवा मात्र वाईट होती. त्याच वर्षीं गांधीजींना हिंवतापानें गांठलें आणि वर्ध्याच्या इस्पितळांत न्यावें लागलें. बुलढाण्याकडच्या शेगांवाशीं नामसाम्य असल्यानें टपालाचा घोटाळा होऊं लागला, म्हणून १९४० सालीं ह्या गांवाचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें.

सेवाग्रामचें चांदा जिल्ह्याशीं नातें १९४२ सालीं रक्तानें जोडलें गेलें. १६ ऑगस्ट रोजीं चिमूर येथें लोकांचा उठाव झाला, कांहीं सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आलेल्या फौजेनें गांवावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमांतील प्रा. भणसाळी ह्यांनीं त्रेसष्ट दिवस उपवास केला. मीराबेन त्या वेळीं सेवाग्रामांत नव्हत्या. ९ ऑगस्टच्या पहांटे मुंबईंत गांधीजींबरोबरच त्यांनाहि पकडण्यांत येऊन पुण्याच्या आगाखान महालांत ठेवण्यांत आलें होतें. तेथें १५ ऑगस्ट रोजीं महादेवभाई गेले. १९४४ च्या २२ फेब्रुवारीस कस्तुरबा गेल्या. पहिल्या दिवशीं अहमदाबादच्या स्टेशनावर घ्यावयास आलेला मनुष्य आणि परक्या मुलीला घरांत सामावून घेणारी माउली, दोघांचाहि शेवट मीराबेनांनीं त्या कैदेंत पाहिला. मे १९४४ मध्यें त्या गांधीजींबरोबर सुटल्या.

ह्यापुढें त्यांनीं जें केलें तें गांधीजींनीं सतरा वर्षें शिकविलेल्या धड्याचें उत्तर होतें. त्या आपण होऊन दूर गेल्या. रूरकीजवळ त्यांनीं किसान आश्रम काढला, पुढें हृषीकेशाजवळ पशुलोक ही वसाहत वसविली. गुरेंढोरें, चारा, खत आणि शेतकरी हेंच आतां त्यांचें जग झालें. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळीं दिल्लीस महात्माजींचा खून झाल्याची बातमी त्यांना तेथें कळली. दिल्ली कांहीं तासांच्या वाटेवर होती. साऱ्या देशांतून लोक अंत्यदर्शनासाठीं धांवत होते. मीराबेन गेल्या नाहींत. १९२७ सालीं आजारी बापूंकडे धांवत गेलेली आणि परत पाठविली गेलेली मुलगी ह्या वेळीं आपल्या कामाच्या जागीं राहिली. देहाला चिकटूं नकोस, असें ज्यानें सांगितलें, त्याचा देह अग्नींत जात असतां ती त्याच्या शब्दाबरोबर राहिली. ह्या एका न जाण्यांत तिचें सारें शिक्षण पुरें झालेलें दिसतें.

हिमालयांत राहत असतां त्यांच्या नजरेस एक गोष्ट पडली, आणि रानावर जगणाऱ्या लोकांनीं ती अवश्य ध्यानांत ठेवावी अशी आहे. गंगेचे पूर दरवर्षीं वाढत कां चालले, ह्याचा शोध करीत त्या डोंगर चढल्या. पूर्वीं त्या उतारांवर बांज नांवाच्या रुंद पानांच्या झाडांचें रान होतें. त्याच्या पानांचा जाड थर जमिनीवर सांचे, पाऊस त्यांत मुरे आणि झऱ्यांना बारमास पाणी राही. लांकूड आणि राळ मिळते म्हणून वनखात्याला चीड नांवाचें झाड प्रिय, आणि गांवकरीहि चाऱ्यासाठीं बांज ओरबाडीत; त्यामुळें बांज मागें हटत होता आणि चीड पसरत होती. चिडेच्या सुयांसारख्या पानांचा तसा ओलावा धरणारा थर बनत नाहीं, पाणी उघड्या उतारावरून सरळ धांवतें. हिमालयांत कांहींतरी बिघडलें आहे, असा इशारा त्यांनीं लेख लिहून दिला. तेव्हां तो फारसा कोणी मनावर घेतला नाहीं.

एका झाडाच्या मोलासाठीं मिश्र रान बदलून टाकण्याचा हा प्रश्न आलापल्ली-सिरोंच्याच्या सागवानी मुलखाला कांहीं परका नाहीं. राहुटींतून रान पाहणाऱ्याला त्यांत वाघ दिसतो, कचेरींतून पाहणाऱ्याला घनफूट दिसतात. झोंपडींतून पाहणाऱ्याला पाणी, चारा, मोह आणि डिंक दिसतात. मीराबेन झोंपडींत राहिल्या म्हणून त्यांना तें दिसलें. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या मेंढा-लेखा ह्या गोंड गांवाला २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. रान गांवाच्या हातीं असावें, ही गोष्ट त्या गांवकऱ्यांनीं मीराबेनांपासून घेतली नाहीं. ती त्यांची स्वतःचीच समज. पण आरमारप्रमुखाची एक लेक तशाच समजुतीपर्यंत आपल्या पायांनीं चालत आली, हें नोंदण्यासारखें आहे.

१८ जानेवारी १९५९ रोजीं मीराबेनांनीं हिंदुस्थान सोडला. तेहतीस वर्षांपूर्वीं बीथोव्हेन मागें ठेवून त्या आल्या होत्या. आतां त्या त्याच्याकडे परतल्या. व्हिएन्नाजवळच्या डोंगरांत, ज्या रानांतून तो संगीतकार फिरला त्या रानांच्या सान्निध्यांत, त्यांनीं उरलेलीं वर्षें काढलीं आणि त्याच्याविषयीं लिहिलें. १९६० सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. पुढें हिंदुस्थान सरकारनें त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. २० जुलै १९८२ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांनीं डोळे मिटले.

त्यांचें परत जाणें कित्येकांना खटकलें. परंतु ज्यानें त्यांना कन्या मानलें त्यानें त्यांना कधींच बांधून ठेविलें नव्हतें. ज्या वर्गांत त्या जन्मल्या त्या वर्गाच्या हंगामांची वर्णनें त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांत पडलीं आहेत. सेवाग्रामच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या बोटांनीं उठविलेलें ताडाचें झाड मात्र दरवर्षीं सारवून नीट ठेवावें लागतें, आणि तसें तें ठेविलें जातें. चांद्याहून वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीनें गेल्यास तें कोणासहि पाहतां येईल.